माश्या येतात म्हणून

"हात कोरडे कर गो बाय, मगच हात लाव." सुकेळीजवळ कुणी गेलं की मावशीचं हे ठरलेलं. स्वतःचे हात तर ती लुगड्याला तीनदा पुसायची.

नंदाखालला तिच्या अंगणात मी दहा वर्षं काम केलं. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या ताटव्यांवर उन्हात सुकवायची, रोज उलटायची, दव पडायच्या आत घरात घ्यायची. "माशी बसली की माल गेला," म्हणायची, आणि सत्तरीची बाई पदर फिरवत माशीमागे पळायची. तुम्हीही हसला असता.

एकदा एका व्यापाऱ्याने न विचारता एक सुकेळं तोंडात टाकलं. "चव बघितली ना? आता हात धुऊन ये, मग बोल." तो मुकाट्याने विहिरीवर गेला.

तिची एकुलती मुलगी सहाव्या वर्षी तापाने गेली होती. तिच्याबद्दल ती कधी बोलत नसे.

वयाच्या ऐंशीच्या सुमारास ती अंथरुणाला खिळली. फादर येऊन मरणाआधीचं पवित्र तेल लावून गेले. दुसऱ्याच दुपारी आभाळ भरून आलं. अर्धी सुकलेली केळी मी ताटव्यांसकट तिच्या खोलीत आणली.

"दारात पोर उभी हाय," ती म्हणाली. "आत ये म्हण तिला."

"कोण पोर?"

"माझी. तुला बघून लाजते."

दारात कोणी नव्हतं. माश्या मात्र आत येत होत्या.

"कोणी नाही मावशी. मेलेलं माणूस परत येत नाही," मी म्हटलं आणि दार लावून कडी घातली.

"अगो, उघड! मागे फिरंल ती."

"माश्या येतात. तूच शिकवलंस ना?"

ती तासभर बंद दाराकडे बघत राहिली. मी केळी उलटत होते.

आभाळ निवळलं. ताटवे बाहेर न्यायला मी दार उघडलं. तिने मान उचलून नीट पाहिलं.

"कोणी नाय," म्हणाली, आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. तोवर ती माझ्याकडे वळली नाही.

गावात सगळे म्हणाले, मी तिचं फार केलं. मी ऐकून घेतलं.

त्या खेपेचं एकही केळं आंबलं नाही.