"पुसून टाकू का?" विचारणारा कॉम्प्युटर

एकाच ऑफिसात एक हट्टी साहेब आणि एक हट्टी मशीन आलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. मिलच्या मागे कोंडा साचतो तसे ते आपोआप साचतात.

ऐंशीच्या दशकात आमच्या तुमसरच्या राइस मिलमध्ये कॉम्प्युटर आला, तेव्हा मी तिथे टायपिस्ट होतो. धानाच्या वजनाच्या पावत्या काढायचा प्रोग्राम लिहायला मेश्राम मॅडम होत्या. रोज मोहाडीहून एसटीने यायच्या. नोकरी टेम्पररी, आणि पर्मनंट करणं कापगते मॅनेजरांच्या हातात. म्हणजे झालंच! कॉम्प्युटरला थंड खोली मिळाली, मॅडमना नुसतं आश्वासन.

प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर नागपूरच्या एजंटाने दिलेलं. ज्याने ते बनवलं त्याने ते स्वतः कधी वापरलं नसणार, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो.

*

लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या गळी उतरवतो त्याला कंपायलर म्हणतात, एवढं मलाही कळलं होतं. आमचा कंपायलर दोन फ्लॉप्यांवर होता. अर्ध्यात थांबून तो म्हणायचा, 'दुसरी फ्लॉपी टाका.' टाकली. 'दुसरी फ्लॉपी टाका.' अरे बाबा, टाकली ना! मग तीच काढायची, तीच परत टाकायची, की स्वारी खूश.

आमचा शिपाई दुधराम दारातून हे रोज बघायचा. एक दिवस म्हणाला, "मॅडम, थो व्याही हाय. एका बोलावण्यात येत नाही!"

*

प्रोग्राम चुकला तर स्क्रीनवर चूक यायची नाही, त्या चुकीला दिलेला नुसता नंबर यायचा. नंबरचा अर्थ एका जाडजूड पुस्तकात. पुस्तक मॅनेजरांच्या कपाटात. कपाटाला कुलूप, कारण पुस्तक फार किमती!

मॅडम मागायला गेल्या तर साहेब म्हणाले, "तुम्ही चुकाच करू नका ना. मग पुस्तक कायले लागते?"

असं मार्गदर्शन नागपूरलाही मिळालं नसतं.

*

एकदा मॅडमकडून वरच्या ओळीत एक टिंब राहिलं. तेवढ्यावरून कंपायलरने खालची प्रत्येक ओळ चुकीची ठरवली आणि प्रिंटरमधून कागदाची लांबच लांब पट्टी बाहेर काढली. मॅनेजरांनी ती साडीसारखी उलगडून धरली.

"एवढ्या चुका? अन् तुमाले पर्मनंट करू?"

"साहेब, एकच टिंब राहिलं होतं."

"मंग हे एवढं कायले बोंबलून राहिलं?"

"आपल्याच ऑफिसात राहते ना साहेब. शिकलं असंन."

मी टाइपरायटरवर मान खाली घालून खोकत बसलो. पर्मनंटचा विषय मात्र पुन्हा पुढे ढकलला गेला, आणि मॅडमसाठी मला मनापासून वाईट वाटलं.

*

सगळ्यात नामी खोड वेगळीच. सॉफ्टवेअरमधून बाहेर पडताना ते दर वेळी इंग्रजीत विचारायचं, 'सगळं पुसून टाकू का?' हो म्हणायला वाय, नाही म्हणायला एन. जेवायला वाढून झाल्यावर 'ताट उलटं करू का?' विचारण्यातला प्रकार! पहिल्याच आठवड्यात मॅडमचं दिवसभराचं काम असं गेलं. एजंटाला फोन केला तर म्हणाला, "ती तर फॅसिलिटी आहे!"

तेव्हापासून मॅडम दुसऱ्या एका फ्लॉपीवर नक्कल ठेवू लागल्या. मॅनेजरांना तेही खपेना. "दोन-दोन फ्लॉप्या काहून? एकीवर भरोसा नाही का?" दुसरीवर बंदी आली.

मॅडम "बरं" म्हणाल्या आणि ती फ्लॉपी डब्याच्या पिशवीत गेली.

*

आता मॅनेजरांची खोड. मिलच्या चेअरमनसाहेबांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत त्यांचं "हो साहेब!" तयार असायचं. एकदा चेअरमननी बपेऱ्याहून फोनवर विचारलं, "कापगते, धान भिजलं का?"

"हो साहेब!"

चेअरमन जीप पिटाळत आले. बाहेर रणरणतं ऊन!

*

धानाचा हंगाम तोंडावर आला आणि चेअरमन प्रोग्राम बघायला येणार ठरलं. मॅनेजरांनी सकाळीच मॅडमना बजावलं, "आज चालला तर चालला. नाही तर उद्यापासून येऊ नका."

हार झाले, नारळ झाला. चेअरमन स्वतः खुर्चीत बसले. मॅडम सांगतील तशी बटणं दाबली, आणि वजनाची पावती कर्रकर्र करत बाहेर आली. टाळ्या! खूश होऊन चेअरमननी स्वतःच बाहेर पडायचं बटण दाबलं. स्क्रीनवर नेहमीचा प्रश्न.

"हे काय विचारून राहिलं? वाय दाबू का, कापगते?"

"हो साहेब!"

"नाही, नाही!" मॅडम ओरडल्या. तोवर बोट पडलं होतं.

"आता माझ्या भावाच्या नावानं एक पावती काढा," चेअरमन म्हणाले.

पावती कुठली! प्रोग्रामच पुसला गेला होता. मॅनेजर घाम पुसत म्हणाले, "साहेब, ह्या बाईचं कामच असं..."

मॅडमनी पिशवी पुढे ओढली. आतला डबा बाजूला केला, लोणच्याचा वास लागलेली फ्लॉपी काढली आणि मशीनमध्ये घातली. तीच काढली, तीच परत घातली. दारात दुधरामने हात जोडले. कर्रकर्र, भावाची पावती हजर!

चेअरमन उठून उभे राहिले. "वा! अशी माणसं पाहिजेत मिलले. कापगते, ह्या बाई पर्मनंट आहेत ना?"

"हो साहेब!"

मी ऑर्डरसाठी टाइपरायटरवर कागद चढवला.