टोपी काढून उभे राहिलेले गुरुजी

किमान अध्ययन क्षमतांचं प्रशिक्षण पारोळ्याला होतं. मी शिक्षकाच्या नोकरीला नवाच लागलो होतो. शेजारी निवृत्तीला आलेले एक गुरुजी बसले होते. नाव विचारायचं राहूनच गेलं. प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनी फळ्यावर तक्ता काढला. प्रत्येक मुलापुढे प्रत्येक क्षमता, आणि ती आली की खूण. तसाच एकेक कोरा तक्ता आम्हालाही भरायला दिला. मग त्यांनी विचारलं, "समजलं ना?" सगळे "हो" म्हणाले. माझा आवाज सगळ्यात मोठा होता.

गुरुजी टोपी काढून बाकावर ठेवत उभे राहिले. "साहेब, मला नाही समजलं."

साहेबांनी पुन्हा सांगितलं. गुरुजींनी बसून टोपी घातली, माझ्या कोऱ्या तक्त्याकडे पाहिलं, आणि टोपी परत काढली. असं तीनदा झालं. मागचे लोक हसायला लागले, मीही हसलो. तिसऱ्या खेपेला माझा तक्ता भरून झाला, हा योगायोग.

चहाच्या वेळी मी मोठ्या मनाने म्हणालो, "नाना, अजून काही अडलं तर मला विचारा."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "माले ते पहिलेच समजी गयतं, भाऊ. तुन्हं तोंड देखीसन उभा राहिनू."