ऑक्सिजन मी वाढवला

मंडळी, आज दुपारी मी डॉक्टरकी करून बसलो.

मुर्री गावचे माझे मित्र श्यामरावजी. राईस मिलच्या भुश्यात उभी हयात गेली, आता घरी ऑक्सिजनच्या मशीनवर असतात. डॉक्टरांनी दोन लिटर ठरवून दिलेत. त्यांना धाप लागलेली बघवेना, म्हणून वहिनी अंगणात असताना मी बटन फिरवून पाचवर नेलं. मी जन्मभर संस्कृत शिकवलेला माणूस. प्राणवायू जास्त होऊन काय बिघडणार, असं वाटलं.

धाप थांबली, ते शांत झोपले. मी स्वतःवर खूश. तासाभराने ते हलवूनही उठेनात.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "या आजारात ऑक्सिजन जास्त झाला की श्वासच मंदावतो. वाढवला कोणी?"

वहिनी रडत म्हणाल्या, "मशीन पुसताना माह्याच हात लागला असंल जी."

मी गप्प राहिलो. पोरांच्या ऱ्हस्व-दीर्घावरही कधी गप्प न बसलेला मी.

श्यामरावजींनी आता डोळे उघडलेत. वहिनी अजून स्वतःलाच बोल लावून राहिल्यात. तुम्हाला सांगणं सोपं गेलं; आता त्यांना सांगायला निघालोय. तुम्ही असता, तर डॉक्टरांसमोरच बोलला असता ना?