त्रेचाळीस माणसांचा चहा

आमच्या कारखान्यात फायली, फोल्डर आणि पुठ्ठ्याची खोकी तयार होतात. म्हणजे सहज पेट घेईल अशाच वस्तू आम्ही बनवतो, आणि त्या चिकटवायला जो गोंद लागतो तो त्यांच्याहून लवकर पेटतो. इमारत तीन मजल्यांची. पुढे एक जिना आहे. मागचा जिना नकाशात आहे. प्रत्यक्षात तिथे तयार खोक्यांची थप्पी असते. तिसऱ्या मजल्यावर ऑफिस, आणि त्याच मजल्याच्या पार मागच्या टोकाला चहाची खोली. त्या खोलीत अकरा वर्षं आत्याबाईंचं राज्य होतं.

त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. कामावर आल्या त्याच आठवड्यात त्यांनी मालकांना सुनावलं, "कप टेबलावर वाळवू नका, विसळून ठेवा." असं बोलायचा अधिकार जगात फक्त आत्यालाच असतो, म्हणून ते नाव पडलं. उंचीने बेताच्या होत्या; आवाजाने नव्हत्या. दिवसातून दोनदा त्रेचाळीस कप. बिनसाखरेचे पाच, निम्मे तीन, आणि कान तुटलेला कप कायम स्टोअरकीपरला, कारण तो त्याच्याच हातून तुटला होता. हजेरीचं मस्टर माझ्याकडे असे, पण कोण खरोखर आलंय हे विचारायला मी आत्याबाईंकडे जात असे. स्वतः त्या स्टीलच्या पेल्यातून चहा घेत, त्यामुळे कपांचा आकडा त्रेचाळीसच राहिला. घरी मात्र चहा नवरा करायचा. "कामाच्या ठिकाणचं काम मी घरी आणत नाही," असं त्या म्हणत.

आगीपासून बचावाच्या बाबतीत आमचा कारखाना कागदोपत्री आदर्श होता. सुरक्षा अधिकारी म्हणून स्टोअरकीपरची नेमणूक झाली होती. त्याला पिवळं हेल्मेट आणि शिट्टी मिळाली, आणि तेव्हापासून त्याचं नावच शिट्टी झालं. आग विझवायची सहा नवी लाल सिलिंडरं आणली होती. ती चोरीला जाऊ नयेत म्हणून शिट्टीने स्टोअरमध्ये कुलूप लावून ठेवली. भिंतीवर जुनी होती, त्यांना दरवर्षी लाल रंग दिला जाई. कापलेल्या कागदाचे तुकडे पुढच्या जिन्याखाली साठत, विजेच्या बोर्डाला टेकून, कारण ते उचलणारा गाडीवाला जिन्यापाशीच गाडी लावायचा. आग लागल्यावर काय करायचं हे सांगणारं मोठं पोस्टर चहाच्या खोलीत लावलं होतं. कारण रिकामा खिळा तेवढा तिथेच होता.

वर्षातून एकदा फायर ड्रिल व्हायचं. तारीख आधी कळवलेली असे, त्यामुळे त्या दिवशी लोक बरे कपडे घालून येत. घंटा झाली की सगळ्यांनी पुढच्या जिन्याने अंगणात यायचं, मी मस्टरवरून नावं घ्यायची, शिट्टीने "त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस" असं ओरडायचं, अग्निशमन खात्याच्या निरीक्षकाने सही करायची आणि मग वर जाऊन चहा. पहिल्या वर्षी निरीक्षकांना चहासाठी वीस मिनिटं ताटकळावं लागलं. मालकांना ते फार लागलं. त्यांनी आत्याबाईंना कायमची सूचना दिली, "घंटा झाली की आधण ठेवायचं. आम्ही वर येईपर्यंत कप भरलेले हवेत."

एकदा आत्याबाईंनीच विषय काढला. मालक, शिट्टी आणि मी ड्रिलची तारीख ठरवत होतो.

"मी नको का खाली यायला?"

"तुम्ही खाली आलात तर चहा कोण करणार?" मालक म्हणाले.

"आणि तुमचं नाव आमच्या यादीत नाही," शिट्टी म्हणाला. "तुम्ही कँटीनच्या ठेकेदाराकडून आहात."

"म्हणजे आग लागली तर मी ठेकेदाराची म्हणून जळणार?"

मालक मोठ्याने हसले. "आग लागली तर! अहो, आत्याबाईला मिशा असत्या तर!"

"मिशा असत्या तर साहेब, यादीत आले असते," असं म्हणून आत्याबाईंनी रिकामे कप उचलले. आम्ही सगळेच हसलो. मी तर जरा जास्तच हसलो, कारण यादी माझ्या हातची होती.

आणि मग एका बुधवारी, दुपारच्या जेवणाआधी, घंटा झाली.

कुणालाच तारीख कळवलेली नव्हती, म्हणून चिडचिड झाली. "या वर्षी लवकर आटपताहेत वाटतं," असं म्हणत लोक उठले. मी मस्टर घेतलं. जाता जाता मागच्या बाजूला तोंड करून ओरडलो, "आत्याबाई, आज जरा कडक करा हो!" आतून भांड्याचा आवाज आला, म्हणजे आधण चढलं होतं. जिन्यात थोडा धूर होता. कुणीतरी म्हणालं, या वेळी खर्च केलेला दिसतोय.

अंगणात आल्यावर मागे वळून पाहिलं, तर जिन्याखालचा कागद धडाधड पेटलेला. बोर्डात ठिणगी उडाली होती. बाकीचं काम आम्ही वर्षानुवर्षं करून ठेवलंच होतं. शिट्टी नव्या सिलिंडरांसाठी धावला, पण स्टोअरची किल्ली वर त्याच्या ड्रॉवरमध्ये होती. पाच मिनिटांत जिना दिसेनासा झाला. मी नावं घेतली. प्रत्येक नावाला "हजर" आलं. शिट्टीने शिट्टी वाजवली. मी खाली सही केली.

बंब वेळेवर आला. त्यांच्या प्रमुखाने उतरता उतरता विचारलं, "आत कोणी आहे?"

"कोणी नाही. त्रेचाळीसपैकी त्रेचाळीस!"

"शाबास," प्रमुख म्हणाला आणि माणसांना जिन्याकडे पाठवलं. हे शाबास आमच्या कारखान्याला मिळालेलं शेवटचं शाबास.

मालकांचा घसा धुराने कोरडा पडला होता. खोकत, कपाळ पुसत, निव्वळ सवयीने ते म्हणाले, "अरे, चहा कुठे राहिला?"

आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या आणि इमारतीच्या मागे धावलो. तिसऱ्या मजल्यावरची ती एवढीशी खिडकी सताड उघडी होती, आणि आत्याबाई बाहेर वाकून ओरडत होत्या. किती वेळ ओरडत होत्या देव जाणे. पुढच्या अंगणात शिट्टी जोरात वाजत होती ना!

शिडी लावली गेली आणि बंबावरचा एक जवान वर चढला. वर काय झालं ते नंतर त्या जवानानेच सांगितलं. चहाच्या खोलीत धूर जवळजवळ नव्हताच. दार घट्ट लावलेलं, फटीत ओल्या फडक्यांचे बोळे कोंबलेले, गॅस सिलिंडरपाशी बंद केलेला. आम्ही आठ वर्षं ड्रिल केलं होतं. त्या बाईने आठ वर्षं पोस्टर वाचलं होतं. ओट्यावर चार ट्रे मांडलेले आणि त्यांत त्रेचाळीस कप भरलेले.

"चला बाई, लवकर."

"थांबा, झाकून ठेवते."

"अहो, चहा राहू दे!"

"राहू दे काय? खालच्यांना सांगा, निवला तर परत गरम करणार नाही म्हणावं."

डोळे गच्च मिटून, शिडीच्या पायरीपायरीला जवानाला दम देत त्या उतरल्या. जमिनीला पाय लागल्यावर मात्र त्या मटकन बसल्या. मालक पुढे आले. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या आमच्यावरून नजर फिरवत होत्या, ट्रेवरून फिरवत तशी.

"बेचाळीसच आहेत," त्या म्हणाल्या. "कागदाचा कापणीवाला कुठाय? सकाळी त्याने कप घेतला होता माझ्याकडून."

मी मस्टर उघडून पाहिलं. मी त्याचं नाव घेतलं होतं, "हजर" ऐकलं होतं. जवान पुन्हा शिडीकडे वळला. तेवढ्यात कापणीवाल्याचा मशीनवरचा जोडीदार रडकुंडीला येऊन म्हणाला, "तो आत नाही. केस कापायला गेलाय. हजर मीच म्हणालो."

आणि खरंच, फाटकातून कापणीवाला आला. केस बारीक, मानेवर पावडर, आणि कारखान्याकडे बघून तोंडाचा आ.

वाणिज्य शाखेत पहिल्याच वर्षी शिकवतात की दोन चुका एकमेकींना झाकतात आणि जमाखर्चाची तेरीज बिनबोभाट जुळते. माझ्या यादीत आत नसलेला एक होता आणि आत असलेली एक नव्हती. आकडा मात्र त्रेचाळीस, आणि खाली माझी सही. चाळीस वर्षांच्या नोकरीत इतकी सुबक बेरीज मी दुसरी केलेली नाही.

त्यानंतर बरंच बदललं. कागदाचे तुकडे रोज संध्याकाळी बाहेर जातात. मागचा जिना रिकामा झाला, आणि तो इतका रुंद असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. सिलिंडरं कुलपाबाहेर आली. यादी आता मस्टरची नसते. इमारतीत जो कोणी असेल, ठेकेदाराचा असो, पाहुणा असो की गाडीवाला, त्याची असते. चव्वेचाळिसावं नाव मी लाल शाईने लिहिलं होतं. आत्याबाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "लाल कशाला? मी काय चूक आहे?" मी निळ्या शाईने पुन्हा लिहिलं.

सहा महिन्यांनी ड्रिल झालं, न कळवता. घंटा झाल्यावर मागच्या जिन्याने सगळ्यांत आधी आत्याबाई उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "आधी माझं घ्या." मी घेतलं. "हजर!" हा आवाज फाटकाबाहेर गेला असणार. निरीक्षक खूश झाले, सही केली. सगळे वर आलो. ओट्यावर पातेलं पालथं होतं.

मालकांनी निरीक्षकांकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं, मग फार नरमाईने विचारलं, "आत्याबाई, चहाचं काय?"

"घंटा झाली की मी खाली असते. तुम्हीच ठरवलंत." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "यादीत आता चव्वेचाळीस जण आहेत. सांगा कुणालाही."

कुणी पुढे होईना, म्हणून मीच पातेलं ठेवलं. अर्ध्या तासाने ट्रे घेऊन आलो. निरीक्षकांनी एक घोट घेतला आणि घड्याळाकडे पाहिलं. आत्याबाईंनी पेला तोंडाला लावला, आणि माझ्याकडे बोट दाखवून शिट्टीला म्हणाल्या, "यांचं नाव खोडा."