कामो नदीकाठचं चौथं उत्तर

मंडळी, आधीच सांगते, आमच्या घरात मांजर आडवं गेलं तर आई मांजरालाच विचारायची, "काय गं, एवढी घाई कसली?" अमावास्या आम्हाला कॅलेंडर उलटताना कळायची. मी स्वतः क्योतोमध्ये पोस्टडॉक करते. प्लास्टिकसारखे पदार्थ कालांतराने कसे तुटतात, हे मोजायचं माझं काम. नवरा निखिल तोक्योला, तोयोसुच्या एका आयटी ऑफिसात. दर शनिवार-रविवारी दोघांपैकी कोणीतरी शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, पकडतं. असं हे सरळसोट घर… त्यामुळे खाली जे लिहितेय ते या गूढ अनुभवांच्या सदरात लिहिताना मलाच जरा संकोच वाटतोय.

सुरुवात कचऱ्यापासून झाली. आमच्या विद्यार्थी-संशोधकांच्या निवासात खाली कचरा वेगळा करायची जागा आहे. जळणारा, न जळणारा, बाटल्या, प्लास्टिक… नवीन माणूस तिथे रडकुंडीला येतो. एका सकाळी मी पिशवी घेऊन गेले, तर मरून रंगाच्या वस्त्रातली, डोकं तुळतुळीत केलेली एक भिक्षुणी फलकासमोर उभी राहून पुटपुटत होती, "आता हे काहून जळत नाही म्हणते बाप्पा?"

चक्क मराठी! तेही विदर्भातलं.

ती आनी पासांग. आनी म्हणजे भिक्षुणी. आदराने 'आनी-ला' म्हणतात, आपलं 'जी' तसं ते 'ला'. गोंदिया जिल्ह्यातल्या तिबेटी वसाहतीत जन्मलेली, तिथल्याच मराठी शाळेत चार बुकं शिकलेली. आई थंडीत नागपूरला स्वेटर विकायला बसायची, तेव्हा गिऱ्हाइकाशी घासाघीस करायला ही पुढे. नंतर मठात गेली. आता भिक्षुणींसाठीची सर्वांत वरची पदवी, गेशेमा, तिची शेवटची परीक्षा राहिली होती. ती झाली की तिबेटी विद्या शिकवणाऱ्या एका उच्च शिक्षण संस्थेत मुलींना तर्कशास्त्र शिकवायला ती जाणार होती. ही पदवी बायकांना मिळायला लागून फार काळ झालेला नाही, आणि तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवायला बाई उभी राहणं तर त्याहून नवं.

क्योतोला ती एका वर्षासाठी आली होती, कारण तिचे गुरू इथे होते. त्यांना ती गेन-ला म्हणायची. कितीतरी वर्षांपूर्वी जपानी अभ्यासकांना तिबेटी पोथ्या वाचायला मदत करायला म्हणून आले, ते इथेच राहिले. मी त्यांना एकदाच भेटले. त्यांनी खारट लोण्याचा चहा दिला (मी तो कसाबसा संपवला, तर लगेच त्यांनी दुसरा ओतला!) आणि विचारलं, तू काय करतेस? म्हटलं, वस्तू कशा संपतात ते बघते. म्हातारबुवा खुदकन हसले. "म्हणजे आपला विषय एकच."

त्या हिवाळ्यात ते गेले. सकाळी पोथी वाचता वाचता गेले, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. आनी-ला रडली नाही. तिने सगळे विधी केले, त्यांची पुस्तकं कापडात बांधली, आणि त्यांचं बसायचं आसन, एक जुना चौकोनी गालिचा, आपल्या खोलीत आणून ठेवलं. मग एक दिवस माझ्याकडे येऊन म्हणाली, "ताई, माझं वाटोळं झालं."

प्रकरण असं होतं. यांची परीक्षा लेखी असते, तशी तोंडीही. तोंडी म्हणजे वाद. उत्तर देणारा खाली बसतो, प्रश्न विचारणारा उभा राहतो, आणि प्रत्येक प्रश्नाच्या शेवटी पाय आपटून टाळी वाजवतो. बसलेल्याने भाषण ठोकायचं नाही. त्याच्याकडे मुळात चारच उत्तरं. 'दो', म्हणजे मान्य. 'ची-छिर', म्हणजे का? 'ताक मा डुब', दिलेलं कारणच खरं नाही. आणि 'ख्याप मा छुंग', कारण खरं असेल, पण त्यावरून तू म्हणतेस ते निघत नाही. बास. या चार शब्दांवर माणसं तासन् तास भांडतात.

आनी-लाचा मुद्दा होता संपलेल्या गोष्टींचा. मला समजलं तसं सांगते, तिने वाचलं तर कपाळाला हात लावेल. दिवा विझला. दिवा गेला, बरोबर? पण त्याचं 'विझलेलं असणं', ते आता खोलीत आहे की नाही? तिच्या परंपरेचं म्हणणं, आहे. आणि ते कामही करतं. दिवा विझलाय म्हणूनच तर तुम्ही उठून काड्यापेटी शोधता. म्हणजे गोष्ट संपली तरी तिचं संपणं पुढे परिणाम घडवत राहतं. हे तिला परीक्षकांसमोर बसून टिकवायचं होतं. त्यावर एक हल्ला असा होता की तो शेवटी तिला 'मग दिवा विझलाच नाही' हे कबूल करायला लावायचा. गेन-ला तिला दर वेळी त्याच हल्ल्यात पाडायचे. सुटका कुठे आहे हे त्यांनी सांगितलं नाही. म्हणायचे, आधी तू शोध, नाही सापडली तर मी आहेच.

आणि आता ते नव्हते.

भारतातल्या मैत्रिणींना, दुसऱ्या गुरूंना तिने फोनवर विचारलं. प्रत्येकाने वेगळं सांगितलं, हिचं समाधान होईना. "मी पडली ना, तर माझं काही नाही गं," ती म्हणाली. "पण लोकं म्हणतील, म्हाताऱ्याने शेवटची वर्षं एका बाईवर वाया घालवली. ते मला ऐकवणार नाही."

सराव तर हवाच. व्हिडिओ कॉलवर टाळी उशिरा पोचते, सगळी लय बिघडते. भिंतीला विचारून जमत नाही. उत्तर यायला हवं, चुकीचं का होईना. तर ती म्हणाली, तू बस. मी म्हटलं, अगं, मला तिबेटीतलं ओ की ठो कळत नाही. "चार शब्द पाठ कर. मनाला येईल ते बोल. हल्ला मी करते, परीक्षकासारखा, तो कुठे अडतो ते बघायचं आहे मला."

आता माणूस मनाला येईल ते बोलतो तेव्हा ते खरोखर मनाला येईल ते नसतं. तो समोरच्याचा चेहरा वाचतो. माझ्यातली संशोधक जागी झाली, आणि इथे आमच्यासारख्यांनीच करावा असा शहाणपणा मी केला. निखिलला फोन लावून सांगितलं, मला मोबाईलवर एक छोटं काहीतरी करून दे, बोट टेकवलं की एक ते चारपैकी कुठलाही आकडा आला पाहिजे. "बौद्ध तत्त्वज्ञानाला रँडम नंबर?" म्हणत तो पोट धरून हसला, पण जेवणाच्या सुट्टीत करून पाठवलं. बोट टेकवायचं, स्क्रीनभर मोठा आकडा. एक आला तर दो, दोन आला तर ची-छिर, तीनला ताक मा डुब, चारला ख्याप मा छुंग.

पहिल्या दिवशी निवासातच बसलो. दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक बाई फार नम्रपणे म्हणाल्या, "भिंती पातळ आहेत, तुम्हाला अभ्यासात व्यत्यय येत असेल, क्षमा करा." जपानमध्ये याचा अर्थ 'तुमचा आवाज बंद करा', हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. मग आम्ही सायकली काढून कामो नदीच्या काठावर जायला लागलो. तिथे आवाजाचं कोणाला काही नसतं. कोणी ट्रम्पेट वाजवतं, कोणी नाटकाचे संवाद म्हणतं, त्यात आमची टाळी. आनी-ला ते गेन-लांचं आसन सायकलच्या टोपलीत घालून आणायची आणि मला त्यावर बसवायची. दगडावर बसलेल्याला प्रश्न विचारत नाहीत म्हणे.

असे पुष्कळ दिवस गेले. ती "धीः!" म्हणून सुरू करायची, प्रश्न, टाळी, मी मोबाईलकडे बघून उत्तर. ती कधी चिडायची, कधी हसायची. एकदा म्हणाली, "तुझा मोबाईल मोठा भित्रा आहे गं. ख्याप मा छुंग कधी म्हणतच नाही. त्याला हिंमत लागते." मीही हसले आणि सोडून दिलं. मोजमापावर जिचं पोट, तिने हे सोडून द्यावं… असो.

तो दिवस रविवारचा होता. दुपार, स्वच्छ ऊन, चेरीचा बहर नुकताच गळून गेलेला. आल्या आल्या एका घारीने माझ्या हातातली ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, उचलून नेली, कामोच्या काठी ते नेहमीचंच. आनी-ला म्हणाली, "घे, दान झालं, आता पुण्य मिळेल." आणि सुरू झाली.

मला कळत काहीच नव्हतं, त्यामुळे पुढचं मी नंतर तिच्याकडून समजून घेतलंय. ती तोच हल्ला करत होती, परीक्षक करतील तसा. मोबाईलवर आला एक. "दो." मान्य. पुन्हा एक. "दो." पुन्हा एक. मला कंटाळा आला होता. तिचा आवाज मात्र बदललेला मला जाणवला. नंतर ती म्हणाली, इतर वादांत गेन-ला उत्तर द्यायला बसले की असंच करायचे. मान्य, मान्य म्हणत समोरच्याला निवांत करायचे.

मग तिने एक साधा प्रश्न टाकला. दिव्याचं विझलेलं असणं आत्ता काम करतंय, म्हणजे दिवा आत्ता आहे, अशा अर्थाचा. या पायरीवर ती स्वतः कधी थांबलीच नव्हती. तिचं सगळं भांडण पुढच्या पायऱ्यांशी होतं. पाय आपटला, टाळी वाजली. मी बोट टेकवलं.

चार.

आणि मला शब्दच आठवेना! इतक्या दिवसांत कधी म्हणायची वेळच आली नव्हती. मी मराठीत विचारलं, "आनी-ला, चार म्हणजे कुठलं गं?"

"ख्याप मा छुंग गं बाई, किती वेळा सांगू…" ती तिरसटून म्हणाली. आणि तशीच थांबली. पुढचा प्रश्न आला नाही. तिने स्वतःशीच तो शब्द पुन्हा एकदा म्हटला, हळू. मग ती खाली दगडांवर बसली. प्रश्न विचारणारा कधी बसत नाही, एवढं मलाही एव्हाना माहीत होतं.

"निघत नाही," ती म्हणाली. "विझणं आहे म्हणून दिवा आहे, हे निघतच नाही. मी इथून रोज चालत गेली. रोज!" आणि ती रडायला लागली. हिवाळ्यापासून साठलेलं सगळं त्या दगडांवर बसून रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. दुसरं काय करणार?

लिहिताना हे सोपं वाटतंय, मला त्या दिवशीही वाटलं होतं. पण त्या एका पायरीवर किती पोथ्यांचं ओझं आहे, हे तिने मला सायकलवरून परतताना समजावायचा प्रयत्न केला, आणि मी सिग्नल चुकवला. ते जाऊ दे.

खरी गोष्ट पुढच्या आठवड्यातली. निखिल आला होता, मी त्याला मोठ्या कौतुकाने हकिकत सांगितली. म्हटलं, बघ, तुझ्या चाराने काम केलं. त्याने सहज आपला कोड उघडला, आणि त्याचा चेहरा पडला.

"मुग्धा, यात चार येत नाही."

"म्हणजे?"

"मी घाईत वरची मर्यादा चार दिली. या पद्धतीत वरचा आकडा धरत नाहीत, पाच द्यायला हवा होता. हे फक्त एक, दोन, तीन देतं. चार येऊच शकत नाही."

मी म्हटलं, मी पाहिला. तो म्हणाला, तीनला चार वाचलंस. मी म्हटलं, स्क्रीनभर आकडा असतो, माझा चष्मा इतका वाईट नाही. मग म्हणाला, तूच मनाने म्हणालीस. पण मला शब्द आठवतच नव्हता! मी आकडा वाचून तिला विचारलं, हे तिनेही ऐकलंय. आम्ही दोघांनी ते कितीतरी वेळा चालवून पाहिलं. एक, दोन, तीन. निखिलने फोन बदलून पाहिला, सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, आणि शेवटी नूडल्स करायला उठला. कोडं सुटलं नाही की तो स्वयंपाक करतो.

आनी-ला उन्हाळ्यात भारतात गेली. जाताना आसन माझ्या दारात ठेवून म्हणाली, "सवाल तू झेलले, हे तुझं." परीक्षेत तो हल्ला झालाच. तिने त्याच पायरीवर अडवलं, आणि एक म्हातारे परीक्षक म्हणाले, हे थांबणं ओळखीचं आहे, कोणाची शिष्या? ती पास झाली. आता त्या संस्थेत शिकवते. फोनवर पहिल्याच दिवसाचं सांगत होती, मुली टाळ्या फार हळू वाजवतात म्हणून रागावून राहिली होती.

तेव्हा मी तिला कोडचं सांगितलं. वाटलं, घाबरेल, नाहीतर हात जोडेल. ती हसली.

"ताई, संपलेली गोष्ट काम करते, हे मी तुझ्यासमोर रोज ओरडून सांगून राहिली होती. तू काय ऐकून राहिली होती गं?"

मला हे पटलेलं नाही, हे स्पष्ट लिहिते. एखादी भानगड फोनमध्ये असेल, जी निखिलला सापडली नाही. उन्हात डोळे दिपले असतील. तुमच्यापैकी कोणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर सांगा, मी मनापासून ऐकेन. जुना कोड मी तसाच ठेवलाय, ट्रेनची वाट बघताना कधीतरी बोट टेकवते. चार पुन्हा आलेला नाही.

आसन माझ्या खोलीत खिडकीपाशी असतं. मागच्या शनिवारी निखिल चहाचा कप घेऊन त्यावर बसायला गेला, आणि मी एवढ्या जोरात "अहं, तिथे नाही!" म्हणून ओरडले की त्याच्या कपातला चहा सांडला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"का?" त्याने विचारलं.

मी फडकं घेऊन आले, आणि आधी आसनावर थेंब उडालाय का ते पाहिलं.