देवचार कुठल्या मजल्यावर?

चपलांच्या दुकानात एकेका पायाच्या चपला साठत जातात. जोड हरवलेला असतो. विकता येत नाही आणि टाकवत नाही. आमच्या नगरपरिषदेचे किस्से माझ्याकडे असेच साठलेत. एकेकटा कोणाला दाखवला तर तो म्हणेल, "ह्या काय?" सगळे एकदम काढले तर निदान हसायला तरी होतं.

गावाचं नाव सांगत नाही. मालवणच्या किनाऱ्यावरचंच आहे. नाव घेतलं तर नगराध्यक्ष चप्पल घ्यायला माझ्याकडे यायचे बंद होतील. एवढं एकच तर त्यांचं काम आहे जे वेळेवर होतं!

विषय आमच्या जुन्या मंडईचा. ती पाडून तिथे मोठी इमारत बांधायची, तळाला शोरूम, मध्ये ऑफिसं, वर फ्लॅट. याला 'मिक्स्ड यूज' म्हणतात. तीन बिल्डरांनी प्रस्ताव दिले आणि तिघांचंही एका गोष्टीवर एकमत होतं. आम्ही जुने गाळेवाले दुसऱ्या मजल्यावर!

आता मला सांगा, चपलेचा अंगठा तुटलेलं गिऱ्हाईक दोन मजले चढेल?

* * *

पहिला बिल्डर मुंबईचा. त्याचा माणूस निखिल, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणारा, सगळ्यांना काका-मावशी. नगरपरिषदेच्या हॉलमध्ये त्याने काचेच्या पेटीत इमारतीचं मॉडेल मांडलं. झाडं, गाड्या, बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळं होतं. मी धंदेवाला, आधी गिऱ्हाईक मोजतो. माणसं भरपूर होती, पण एकाच्याही हातात पिशवी नव्हती!

मासेवाली जयूबाय पेटीवर वाकली. माझ्या दुकानासमोरच तिचा ओटा. सासू बसायची तिथेच ती बसते.

"झिला, ह्यात मी खंय?"

निखिलने दुसऱ्या मजल्यावर बोट ठेवलं.

"थंय? माझे गुडघे बघलंस?"

"लिफ्ट आहे ना, मावशी."

"आणि लाईट गेली काय?"

"जनरेटर आहे."

"जनरेटरचा डिझेल संपला काय?"

निखिल हसला.

"मगे असा करा," जयूबाय म्हणाली, "माका दोरयेन खाली सोडा. टोपलेसकट!"

* * *

दुसरा बिल्डर गोव्याचा. त्याच्या चित्रात मंडईच्या दारात कारंजं, कारंज्यात डॉल्फिन आणि डॉल्फिनच्या तोंडातून पाणी. समुद्र तिथून हाकेच्या अंतरावर. आमच्या नळाला पाणी दिवसाआड.

मी इनासकडे बघितलं. इनास माझा शेजारी, पाववाला. मंडईच्या मागे त्याची भट्टी. तो सहसा सभेत बोलत नाही, पण त्या दिवशी त्याने हात वर केला.

"साहेब, समुद्र आसताना ह्या कारंजा कित्याक?"

बिल्डरच्या आर्किटेक्टबाई सौंदर्य वगैरे समजावू लागल्या. इनासने सगळं ऐकून घेतलं आणि समाधानाने मान डोलावली.

"समजला. समुद्र बंद पडलो तर बॅकअप!"

* * *

मग नगरसेवकांचा अभ्यास दौरा निघाला. अशी मिक्स्ड यूज इमारत प्रत्यक्ष बघायला, बांद्यावरून पुढे गोव्यात. दोन गाड्या गेल्या. अभ्यास कसला झाला ते मला कोणी सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे मंडईत उतरले आणि मी सवयीने खाली बघितलं. माझी नजर माणसाच्या पायाकडे आधी जाते, त्याला इलाज नाही.

प्रत्येकाच्या पायात नवी चप्पल! मॉलमधली!

"काय हो," मी आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना म्हटलं, "अभ्यास खोल झालेला दिसतो. पायापर्यंत गेलाय."

ते ओशाळले. "शेट, तसा नाय. सरकत्या जिन्यात माझी चप्पल अडाकली. जिन्यान ती गिळल्यानच. मगे माका घेवचीच लागली."

"आणि बाकीच्यांनी?"

"मी एकटोच घेतलंय तर बरा दिसणा नाय मा."

दौऱ्याचा अहवाल सभागृहापुढे आला. वाहनतळ, अग्निशमन, कचरा यांतल्या कशावरही शब्द नव्हता. एकच ठोस शिफारस होती, सरकता जिना नको, लिफ्ट असावी!

* * *

मुख्याधिकारी साहेब घाटावरचे, सज्जन माणूस, इथे नवीन आलेले. निकाल पारदर्शक लागावा म्हणून त्यांनी प्रत्येक नगरसेवकाला गुणपत्रिका दिली. तिन्ही बिल्डरांना दहापैकी गुण द्यायचे.

बेरीज केली तर तिघेही सारखे! साहेबांनी पुन्हा बेरीज केली. पुन्हा तेच. जवळजवळ प्रत्येकाने तिघांनाही दहापैकी दहा दिले होते.

"अहो, हे काय?" साहेब कपाळाला हात लावून म्हणाले.

आमचे सर्वांत ज्येष्ठ नगरसेवक उठले. सभेत साहेबांशी बोलायचं म्हणून त्यांनी शुद्ध मराठी काढली. "साहेब, तिघांपैकी एक येणारच. त्याला कमी दिले असते तर उद्या त्याच्यासमोर कुठल्या तोंडाने जायचं?"

"पण मग बाकीचे दोघे?"

"ते तर पाहुणे. पाहुण्यांना कोण नापास करतो?"

* * *

आता देवचाराकडे येतो. त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मंडईच्या मधोमध उंडीचं झाड आहे. त्याच्याखाली एक उभा दगड, शेंदूर नाही, घुमटी नाही. तो आमचा देवचार, म्हणजे जागेचा राखणदार. रात्री तो हद्दीवरून फिरतो, म्हणून त्याला वर्षाला नव्या वहाणा द्यायच्या. त्याला रोट लागतो, विडी लागते, मासळी लागते. तीन बिल्डर, तीन नकाशे, आणि एकातही देवचार नव्हता!

साहेबांनी सभेत सहज विचारलं, "नकाशात एक झाड आणि दगड दिसतोय. हा दगड कोणाच्या नावावर आहे?"

नगराध्यक्ष घाईघाईने साहेबांच्या कानाशी वाकले. माईक चालू होता, त्यामुळे सगळ्या गावाने ऐकलं.

"साहेब, दगड म्हणू नका. तो ऐकतो."

तिघांनाही सुधारित नकाशे आणायला सांगितलं. तिसऱ्या बिल्डरने देवचाराला गच्चीवरच्या बागेत नेलं. त्याला उचलणार कोण, हे सांगितलं नाही. गोव्याच्या बिल्डरने त्याला तळघरात ठेवलं आणि वर पार्किंग.

"तेच्या डोक्यार गाड्यो?" ज्येष्ठ नगरसेवक शुद्ध मराठी विसरून ओरडले. "उद्या आमच्या डोक्यार काय येतला?"

निखिल हुशार. त्याने झाड तसंच ठेवलं, भोवती मोकळा चौक काढला आणि वर आकाश सोडलं. तळमजला, दर्शनी जागा, हवेशीर! माईक घेऊन म्हणाला, "आमची कंपनी शब्द देते. देवचाराच्या परंपरेला धक्का लागणार नाही." टाळ्यांचा कडकडाट. गुणपत्रिकेचं कोणी नावही काढलं नाही, सगळे हात एकदम वर गेले. आमच्या नगरपरिषदेत एकमताने झालेला हा पहिला ठराव मी बघितला.

मी घरी येऊन बायकोला सांगितलं, "सबंध मंडईत पुनर्वसन नीट झालं ते एकट्या देवचाराचं!"

* * *

हरकती आणि सूचना ऐकायचा दिवस उगवला. आम्ही गाळेवाले तयारी करून गेलो होतो. मी तर भाषण पाठ केलं होतं, उपजीविका, न्याय, पिढ्या, सगळं. पण पहिली उठली जयूबाय.

"साहेब, माझी काय हरकत नाय. माका खंयव बसवा. पण देवचाराक रोजचो पयलो बांगडो माझ्या पाटयेतसून जाता. सासूपासूनचो मान. मी दुसऱ्या मजल्यार बसलंय तर बांगडो वरसून टाकूचो काय?"

नगराध्यक्ष दचकले. निखिलकडे बघितलं. निखिल म्हणाला, "मावशी, लिफ्ट आहे ना, तुम्ही खाली येऊन..."

"मी येतलंय रे. तवसर माझी मासळी कोण बघतलो? मांजर? काय तू?"

मागून इनास उठला. "शनवारचो रोट माझ्या भट्टीतलो, साहेब. गरमच व्हयो तेका."

साहेब गोंधळले. "पण तुम्ही तर ख्रिश्चन ना?"

"मी आसंय, साहेब. तो खंय आसा?"

मग काय विचारता! विडीवाला उठला, त्याची विडी. केळीवाला उठला, त्याची केळी. नारळवाला, फुलवाली. माणूस उठत होता आणि मानकरी होऊन बसत होता. साहेबांनी हताश होऊन पेन खाली ठेवलं.

"म्हणजे या मंडईत दुकानदार एकही नाही? सगळे मानकरीच?"

"नाही साहेब," नगराध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, "काही नुसते भक्तही आहेत."

आता ठराव माईकवर झालेला, शब्द कंपनीने दिलेला. ठरलं असं की ज्यांनी मान सांगितला त्यांना देवचाराच्या चौकात तळमजल्यावर जागा. एकेकाचं नाव लिहून घेतलं. माझा नंबर शेवटचा. मी उठलो, घसा खाकरला. तेवढ्यात साहेबांना जिल्ह्याहून फोन आला, ते उठले, फाईल मिटली, सुनावणी संपली!

बघा म्हणजे. वहाणांचा मान माझ्या घराचा, वडिलांपासूनचा. नवा जोड माझ्या दुकानाच्या पायरीवर उंडीकडे तोंड करून ठेवायचा. रात्री देवचार येऊन बघून जातो, सकाळी आपण झाडाखाली नेऊन द्यायचा. आणि एवढा खराखुरा मानकरी मीच दुसऱ्या मजल्यावर! केळीवाल्याने देवचाराला केळं दिलेलं मी तरी आयुष्यात बघितलेलं नाही.

नगरपरिषदेत खेटे घातले. तिथे उत्तर एकच. "शेट, यादी कंपनीकडे गेली." कंपनीला फोन केला तर तिकडून, "काका, यादी नगरपरिषदेची."

मी गप्प बसलो. धंद्यात एक शिकलोय, गिऱ्हाईक दारावरून गेलं म्हणून हाका मारायच्या नाहीत. पायात काही टोचलं की ते आपोआप वळतं.

* * *

पावसाळा सरला आणि माती तपासायला निखिलने भोकं पाडायचं यंत्र आणलं. उंडीपासून थोडं लांब लावलं, सुरू केलं आणि ते बंद पडलं. कोल्हापूरहून मेकॅनिक बोलावला, तो आंबोलीच्या धुक्यात अडकून संध्याकाळी पोचला. त्याने दुरुस्त केलं, सकाळी पुन्हा बंद. नवीन भाग मागवला, तो बसेना. शेवटी कामगार बाजूला जाऊन बसले. "साहेब, आधी राखणदाराला विचारा," म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

निखिलने बांगडा ठेवला. रोट ठेवला, गरम. विडी ठेवली, वर काडेपेटीही ठेवली. यंत्र ढिम्म.

जयूबायने ओट्यावरूनच विचारलं, "वहाणा दिलंस?"

थोड्या वेळाने निखिल माझ्या दुकानात आला. इस्त्रीच्या शर्टाला ग्रीस लागलेलं. खुर्ची दिली तरी बसला नाही.

"काका, वहाणांचा एक जोड हवा होता."

"कोणाला?"

त्याने उंडीकडे बघितलं. "त्यांना."

मी फळीवरून खोका काढला. जाड तळ, साधा चामड्याचा पट्टा. निखिलने जोड हातात घेतला, उलटा करून बघितला आणि आवाज खाली आणून विचारलं, "काका... त्यांचा नंबर किती?"

"नंबराचं काही नाही. फक्त याच दुकानातला लागतो. आणि रात्रभर याच पायरीवर ठेवावा लागतो. रात्री ते येऊन बघून जातात."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

त्याने पायरीकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आणि तुमचं दुकान वर गेल्यावर?"

"माझं काय," मी खोक्याला दोरी बांधत म्हटलं, "मी वर जाईन. पण ते जिने चढत नाहीत."

"काका, लि..."

तो थांबला. बाहेर यंत्र गप्प होतं. कामगार तंबाखू खात आमच्याकडेच बघत होते. निखिलने वहाणांचा खोका बाजूला सरकवला, बगलेतला नकाशा माझ्या काउंटरवर पसरला आणि म्हणाला,

"काका, पेन आहे का?"