कलमदानातलं काळं

आमच्या देवपूरच्या घरात नानांच्या कलमदानाला हात लावायची कुणाची टाप नव्हती. नाना म्हणजे माझे वडील, कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेले. मोडीच्या दुकानात, फुटक्या तांब्या-पातेल्यांच्या ढिगात त्यांना ते सापडलं होतं. वीतभर लांब, पितळेचं. आत शाईची वाटी आणि बोरू ठेवायला खाच. झाकणावर चांदीची तार ठोकून काढलेली अरबी अक्षरं, आणि ती उठून दिसावीत म्हणून भोवती डांबरासारखं काळं लुकण भरलेलं.

"हे इराणचं काम आहे, सहा-सातशे वर्षांपूर्वीचं," नाना येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. लोक मान डोलवत आणि चहा संपवून निघून जात. मला त्या लोकांचा भारी राग यायचा. शेवटी पुण्याचे एक जाणकार ते बघायला यायला तयार झाले, तेव्हा नाना बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे घरभर हिंडू लागले.

त्यात आली आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. सणाला आत्या गावाहून माहेरी आली. ही नानांची थोरली बहीण. त्यांची आई लवकर गेली आणि हिनेच त्यांना लहानाचं मोठं केलं. सणाला भांडं काळं राहिलं की घरातली बाई आळशी, हे तिचं साधं गणित. भांडी घासायची राखसुद्धा ती गावाहून पिशवीत बांधून आणते.

मी आणि नाना बाजारातून आंबे घेऊन परतलो, तर ओट्यावर कलमदान लखलखत होतं. चिंच, राख, काथ्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत दाभण. तिची अख्खी दुपार त्यात गेली होती.

"देख भाऊ, कितला मळ व्हता! मी बठ्ठा काढी टाका."

लुकण तर गेलंच होतं, सुटलेली तारही राखेबरोबर मोरीत वाहून गेली होती. एक अक्षर लागत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तोंड उघडणार, तोच नानांनी माझं मनगट धरलं.

"चांगलं चमकी ऱ्हायनं, अक्का," ते म्हणाले.

मग गॅलरीत जाऊन त्यांनी पुण्याला फोन केला आणि येऊ नका म्हणून सांगितलं.

मी भडकलेच. "नाना, निदान बघू तरी द्या त्यांना! पितळेवरूनही ओळखतील ते."

"ओळखतील गं. पण आधी विचारतील, हे कुणी केलं? आणि अक्का मोठ्या हौसेनं पुढे येऊन सांगेल, मी."